जनीआत्याचा धवला आणि कमलाकरचा स्पीकर

माझं शिलाई मशीन देऊन मी कमलाकरदादाकडून माईकवाला स्पीकर घेतला, तो आमच्या जनीआत्यासाठी. आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून एकेका विधीला धवले गाते ती. पण हल्ली मांडवाबाहेर डीजे, आणि सत्तरीच्या बाईचा आवाज पुढच्या खुर्चीपर्यंत जाईना. म्हणून हा उपद्व्याप.

बेलपाड्याच्या हळदीत तासाभरात स्पीकर खरखरला आणि मेला. ऐन धवल्यात! दुसऱ्या दिवशी गावभर झालं: म्हातारी दमली, धवला अर्धवट सोडला, अपशकुन केला. त्या घरच्या शकूकाकीनं तर धाकट्या मुलीच्या हळदीला पेनड्राइव्हवरचे धवले लावायचं ठरवलं. चाळीस वर्षांचं नाव मातीत! आत्या दोन दिवस धड जेवली नाही, बोलली नाही. माझं डोकंच फिरलं.

स्पीकर रिक्षात घातला आणि पनवेलला कमलाकरदादाच्या दारात नेऊन आदळला.

"वाजवून घेतलास ना?" तो म्हणाला. "अदलाबदल झाली, विषय संपला."

"दहा मिनिटं वाजवून दाखवलास! तासाभरानं बंद पडतो हे माहीत होतं की नाही? आईची शपथ घेऊन सांग."

तर म्हणतो कसा, "तापतो जरा. पण धवले एवढे लांबतात हे मला काय माहीत?"

"वा रे वा! तुझ्या हळदीला पाच तास कोण गात बसलं होतं? माझी आत्या! तेव्हा काय झोपला होतास पाटावर?"

त्याची बायको दमयंती आतून आली. मशीनवरचा अर्धा शिवलेला परकर तिनं काढला, दोरा तोडला. "ने तुझं मशीन," मला म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली, "खराब वस्तू गळ्यात मारायची आणि वर तोंड करून बोलायचं? लाज नाय वाटत?"

"मशीन नेईनच," मी म्हटलं. "पण आत्याचं नाव गेलं, ते कोण आणून देणार? चल बेलपाड्याला. चार माणसांत सांग, खोट कशात होती."

"एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"जा," दमयंती म्हणाली. "नायतर मी जाऊन सांगते. मग मी काय काय सांगेन ते बघ!"

मुकाट निघाला. आत्यालाही मी ओढूनच नेलं. शकूकाकीच्या ओटीवर घरची, शेजारची माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तो मान खाली घालून बोलला, "काकी, स्पीकरच खराब होता. मला माहीत होतं, मी किशोरीला सांगितलं नाय. आत्याचा काय दोष नाय."

शकूकाकी वरमली. "अगो जने, मंग तवाच बोलाचंस ना! धवला अर्धा कशाला सोडलास?"

दोन दिवस मिटलेलं आत्याचं तोंड उघडलं. "सोडला? कुनी सोडला? डबा मेला तरी मी शेवटपर्यंत गायले. तुजी थोरली पोर पाटावर बसून रडत व्हती, तिला विचार! तुमी समदी भायेर नाचत व्हता, तुमाला काय आयकू येनार?"

तेवढ्यात धाकटीच दारातून म्हणाली, "आई, माज्या हळदीला जनीआत्याच पायजे."

"येन," आत्या अजून धुसफुसतच होती. "पन मी गाते तवर त्यो डीजे बंद. आनि समद्यांनी समोर बसून आयकाचा."