लांबवलेली ओ

मोहाचं एक फूल लॅपटॉपच्या दोन कळांच्या फटीत अडकलं होतं — कालचं, पिवळटलेलं, चिकट — आणि दामिनी ते नखानं उकरत बसली होती, कारण पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. खरोखर काहीच. जिथं ओळींमागून ओळी धावायला हव्यात तिथं कोरी पाटी, आणि हेडफोनमधून नागपूरच्या प्रवीणचा आवाज, "दामिनी, भेटलं का काही? क्लायंट सकाळपासून डोकं खाऊन राह्यला."

"बघते," ती म्हणाली.

कालपासून हजारो पेशंटच्या मोबाइलवर गोळी घेण्याची आठवण गेलेली नव्हती. आठवण पाठवणारा तो एवढासा प्रोग्राम क्लस्टरमध्ये — एकत्र जुंपलेल्या यंत्रांच्या त्या खिल्लारात — आपल्या कंटेनरमध्ये बसून होता आणि त्याच्या नावापुढे अजूनही 'चालू' असंच दिसत होतं. प्रत्येक कंटेनर आपण काय करतोय ते सतत बोलत असतो, प्रत्येक यंत्रावर बसवलेला कलेक्टर ते बोलणं गोळा करतो, आणि सगळं एका जागी आणून ओततो, म्हणजे कोण कधी गप्प झालं ते घरबसल्या कळावं... अशी मांडणी. दामिनीच्या टीमनंच केलेली. आणि आज ती मांडणीच मूग गिळून बसली होती.

कोण कधी गप्प झालं... गेल्या चैत्रात शेजारची प्रेमिलाकाकी गप्प झाली ते मायला लगेच कळलं होतं. मोह वेचायला बायांनी जोडीनं जायचं, आपापल्या झाडाखाली वाकायचं, आणि वेचता वेचता एकीनं 'कूऽ' करायचं, दुसरीनं ओ द्यायची. वाकलेल्या बाईला पाठीमागचं दिसत नाही, तिची पाठ दुसरीच्या आवाजानं राखलेली असते. माय वाघाचं नाव घेत नाही, 'तो' म्हणते. त्या दिवशी तिनं दोनदा कूऽ केलं, तिसऱ्यांदा केलं आणि टोपली टाकून धावत सुटली — गावाकडे, काकीकडे नाही. माणसं घेऊन परतली तोवर काकी उरली नव्हती. त्या धावण्याबद्दल माय कधी बोलत नाही.

यंदा मायला जोडी मिळाली नाही. म्हणून दामिनी. घर गावाच्या टोकाला, मागं सांदवाडी, म्हणजे परस, तिच्यापुढं धानाच्या रिकाम्या बांध्या, आणि बांध्यांपलीकडे त्यांची मोहाची झाडं. तिथवर आवाज पोचतो.

"मी कूऽ करीन, तू सांदवाडीतून ओ देजो," निघताना माय म्हणाली होती. "काम कर तुहं, पण कान इकडं ठेवजो."

"माय, यंदा नको ना जाऊ."

"काऊन? झाडं आपली हायेत. फुलं का त्याच्यासाठी सोडून देऊ?"

दामिनीनं कलेक्टर एकेक करून तपासले. सगळे जागे. मग ती थेट त्या कंटेनरमध्येच उतरली, आणि तिथं त्याचं बोलणं निघालं — ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे, घटकाघटकाला तेवढंच — काल दुपारपर्यंत, आणि मग काही नाही. म्हणजे हा बोलत होता. महिनोन् महिने बोलत होता आणि त्यातलं एक अक्षर गोळा झालं नव्हतं. मधे कुणीतरी खात होतं. आणि काखेत कळसा म्हणतात तसा तो नियम त्यांच्याच कलेक्टरच्या सेटिंगमध्ये सापडला: ज्या ओळीत 'ठीक आहे' असेल, ती टाकून द्यावी.

"हाव यार, मीच टाकला होता तो," प्रवीण म्हणाला. "जागा भरून राह्यली होती ना. सगळेच हो म्हटले होते."

बरोबरच होतं त्याचं. तेच ते कोण साठवून ठेवतं? रोज ठीक आहे म्हणणाऱ्याकडे कोण कान देतं... आणि मग तो म्हणायचा थांबला, तर थांबला हे कळणार कुणाला —

मायची शेवटची कूऽ कधी आली?

नखात फुलाचा चिकट गर, आणि हात तिथंच. पहिल्या दोन-तीन हाकांना ती सांदवाडीत गेली होती, ते नक्की. मग प्रवीणचा फोन, मग हे हेडफोन, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे, हौसेनं घेतलेले. त्यानंतर मी ओ दिली? खुर्चीतूनच दिली असेल. लहानपणापासून देतेय, जेवायला ये, ओ, पाणी आण, ओ... यातली एक तरी आठवते का मला? मनालाही कुणीतरी तोच नियम घालून ठेवलेला.

हेडफोन ओरबाडून ती मागं धावली. ऊन चढलेलं, बांध्या उजाड. "माऽय!" काही नाही. "माऽऽय!" आणि पाय हलेनात. कुठं धावायचं — झाडांकडे, की गावाकडे? वर्षभर मनातल्या मनात मायला विचारलेला प्रश्न आता तिच्याच पायांत येऊन बसला होता, आणि तिला रडू फुटलं.

मग बांधावर टोपली दिसली, टोपलीखाली माय.

"आज लय आत गेली मी," टोपली उतरवत माय म्हणाली. चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा. "नाल्यापलीकडं, प्रेमिलाच्या झाडापर्यंत. कोणी गेलंच नाई तिकडं, नुसता सडा पडला होता."

"एकटी गेली?"

"एकटी कशी? तू ओ देत होती ना, हर बार. आज तं मस्त लांबवून देत होती. प्रेमिला देये तशी."

दामिनीची ओ तुटक असते. आणि नाल्यापलीकडे घरचा आवाज पोचत नाही. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मायचा तो मोकळा चेहरा बघून मिटलं.

आत येऊन तिनं नियम काढला, अडकलेला प्रोग्राम पुन्हा चालू केला. ठीक आहे, पडद्यावर आलं. ठीक आहे. ठीक आहे. "आलं ना!" प्रवीण ओरडला, "सुटलो बाप्पा!" ती ओळ न् ओळ वाचत राहिली. मघाशी तिला कुणी गप्प होण्याची धास्ती वाटली होती, आता या येणाऱ्या होकारांचीच वाटू लागली. उद्या माय आणखी आत जाईल. सांगितलं तर तिची पाठ उघडी पडेल, नाही सांगितलं तर... तर ती उघडीच आहे.

सांदवाडीत माय फुलं पसरत होती. काहीतरी म्हणाली असावी, पाणी किंवा सूप, कारण दामिनीच्या तोंडून ओ निघून गेली, हाक नीट ऐकू येण्याआधीच. तिनं मान वर केली. ती ओ तुटक होती की लांबवलेली, तिला सांगता येईना.