पहिल्या क्रमांकाचे कॉलेज

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझे वय विचारू नका. माझा पंखा घरघरतो त्यावरून ओळखा. वडीगोद्रीच्या बसथांब्याजवळ कल्याण नावाच्या तरुणाचे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तिथे झेरॉक्सचे यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये मला कोंबले आहे. चोरी होऊ नये म्हणून टेबलाला साखळीने बांधलेही आहे. उन्हाळ्यात वरचे पत्रे तापतात, नाकातोंडात धूळ जाते, आणि मला कूसही बदलता येत नाही.

माझी पहिली वर्षे जालन्याच्या एका बियाणे कंपनीत थंड हवेत गेली. तिथे मला रोज पुसत असत. पुढे नवे यंत्र आले आणि मी कल्याणकडे आलो. इथे मी सातबारे काढले, पीकविमे भरले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा खरा छळ सुरू होतो तो बारावीचा निकाल लागल्यावर.

कल्याणने माझ्यात प्रवेशाचा अंदाज सांगणारा तक्ता बसवला आहे. मुलांनी गुण आणि कॉलेज सांगायचे, मी तीनपैकी एक शब्द दाखवायचा: 'मिळेल', 'कठीण' किंवा 'अशक्य'. आकडे सगळे गेल्या वर्षीचे. यंदा काय होईल हे मला कुठून ठाऊक? पण 'मला ठाऊक नाही' असे म्हणायची सोयच ठेवलेली नाही! मुले माझ्या तोंडाकडे टक लावून बसतात, तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटते. तेही जमत नाही.

केंद्राबाहेर फलक आहे: 'पहिल्याच फेरीत प्रवेश'. ते खरेही आहे. कारण कल्याण प्रवेश अर्जातल्या कॉलेजांच्या पसंतीक्रमात सगळ्यात वर नेहमी खात्रीचे कॉलेज टाकतो. नाव पटकन लागते, पेढे येतात, माझ्या कपाळी हळदकुंकू लागते. आता नियम ऐका. पहिल्या क्रमांकाला लिहिलेले कॉलेज पहिल्या फेरीत मिळाले, तर ते घ्यावेच लागते. पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. पण पेढे खाताना नियम कोण विचारतो?

गेल्या वर्षी पायल आली, तिची आई बेबीनंदा हिच्यासोबत. बेबीनंदा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते. पायलला संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायचे होते. तिथे प्रवेश मिळाला असता, तर एका ट्रस्टची गुणवत्ता शिष्यवृत्ती तिला मिळणार होती आणि वसतिगृहाचा, जेवणाचा सगळा खर्च सुटणार होता. कल्याणने तिचे गुण भरले. मी 'कठीण' दाखवले. जवळच्या खासगी कॉलेजापुढे 'मिळेल' दाखवले.

"कठीण म्हंजे न्हाईच का, कल्याणभाऊ?" बेबीनंदाने विचारले.

"उगं रिस्क कशाला, मावशी? खात्रीचं वर टाकून राह्यलो. सरकारी दोन नंबरला. तेबी राहीन की."

"दादा, माझं मन तिथंच हाय," पायल म्हणाली. "ते वर टाका ना."

"आन् कुठंच न्हाई लागलं मंग?" आई घाबरून म्हणाली. "वर्ष वाया जाईन, बाई. भाऊ म्हनतेत ते बराबर हाय."

अर्ज पक्का करायचा ओटीपी आईच्या मोबाइलवर आला. आईने एकेक आकडा जपून वाचला आणि कल्याणने तो भरला. मी आतून ओरडत होतो, मित्रांनो. बाहेर फक्त पंखा घरघरला.

पहिल्याच फेरीत नाव लागले. बेबीनंदा पेढ्यांचा पुडा घेऊन आली. तेवढ्यात सरकारी कॉलेजची यादी पायलने माझ्यावर उघडली. शेवटचा प्रवेश तिच्याहून कमी गुणांवर झाला होता.

"दादा, माझं तिथंबी लागलं असतं."

कल्याणच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"मंग बदल ना जल्दी," आई म्हणाली.

"आता बदलता येत न्हाई, मम्मी."

बेबीनंदाने माझ्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. "म्याच तर आकडे वाचले गं," ती म्हणाली. पायल आता रोज बसने त्या खासगी कॉलेजात जाते. शिष्यवृत्ती गेली. मला फार वाईट वाटले, अजूनही वाटते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना अंदाज जरूर विचारा, पण तो अंदाजच समजा. पहिल्या ओळीत तुमच्या मनातले कॉलेज लिहा. खात्रीचे खाली लिहा; ते कुठे पळून जात नाही. आणि बटण दाबण्याआधी नियम मोठ्याने वाचा, म्हणजे आईलाही ऐकू जाईल.

आज सकाळी अक्षता नावाची मुलगी वडिलांसोबत आली आहे. कल्याण तिचे गुण भरतो आहे, आणि मी पुन्हा 'कठीण' दाखवणार आहे. तुमच्यापैकी कोणी तिच्या शेजारी उभे असेल, तर कृपा करून तिला तेवढे सांगा.