पेटीतला दिवा

“गिरिजा, शेवाळ धरतंय बघ. पोर रांगतंय घरात. माशांच्या पेटीतला दिवा वाढव की आधी,” असं नृसिंहवाडीला निघताना सासूबाई म्हणाल्या, तेव्हा गिरिजा हसली. शेवाळानं काय होतंय? पण उजेडानं पेटीतली झाडं वाढतील म्हणून तिनं साठचा बल्ब काढून शंभरचा लावला. धारवाडच्या कानडी घरातली, बी.एस्सी. झालेली सून ती.

चार दिवसांत काच हिरवी झाली. पानांवरून शेंबडासारखी बुळबुळ लोंबू लागली, पाण्याला गटारीचा वास सुटला. नाकाला पदर लावून तिनं तो गाळ बादलीत उपसला. 

सासूबाई परतल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बये, दिवा विझव म्हणू न्हाई, म्हणून वाढव म्हणत्यात! बंद करायचा हुता त्यो!”

गिरिजा ओशाळून बटणाकडं वळली, तर बादलीपाशी बसलेल्या बाळाच्या ओठांतून हिरवी तार लोंबत होती. तिनं बोट घालून ओढली. लिबलिबीत, कोमट, संपेचना. बाळ खिदळत होतं. गिरिजाच्या अंगावर मात्र शिसारीनं काटा आला.

तुमच्याकडं अशी पेटी असेल, तर वाचणं राहू द्या. आधी उठा, तुमचं रांगतं बाळ काय चघळतंय ते बघून या.