मामांनी सांगितलेले पान

सकाळी साडेसातला या बोळात ऊन उतरते, तेव्हा समोरच्या भिंतीवर ते हाताच्या पंजाएवढेच असते. मग कुणाची झोप मोडू नये अशा बेताने ते खाली सरकू लागते. सूचनाफलकाच्या काचेवर थोडे थबकते, गंजलेल्या टाचण्यांची डोकी उजळते, कालच्या पावलांच्या पुसट ठशांवरून पुढे येते आणि नऊच्या सुमारास माझ्या डाव्या पायाशी पोचते. त्यात धूळ तरंगत असते, तिला कुठेही जायचे नसते. एरवी मी बुजरा आहे, पण अशा वेळी मला बोलावेसे वाटते.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. विद्यापीठातल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या प्रवेश साहाय्य कक्षाबाहेर माझे आयुष्य गेले. मोडीत काढलेल्या एका व्याख्यानगृहाच्या फळ्यांतून सुताराने मला घडवले. शेवटचा रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "आता कुणाचे कपडे अडकायचे नाहीत." एवढी एक शाबासकी मला पुष्कळ वर्षे पुरली.

माझ्यावर बसणारी माणसे डोंगरापलीकडून, दोन-दोन बस बदलून येत. कागदांची पिशवी मांडीवर घट्ट धरून ती अगदी कडेला बसत, जणू सगळा बाक वापरायला परवानगी लागते. आतल्या सल्लागार बाईंना मुले ताई म्हणत. ताई दार कधीच लावत नसत, त्यामुळे आतले सारे मला ऐकू येई. एकेका दाखल्यासाठी त्या चार-चार कार्यालयांना फोन करत आणि आवाज चढू देत नसत. मनातल्या मनात मी त्यांना नमस्कार करी.

एका वर्षी, अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी, एक मुलगी तिच्या मामांबरोबर आली. तिला पाण्याचा अभ्यास करायचा होता. दुपारी बाराला खिडकी बंद होणार होती आणि अकरा वाजून गेले होते. या वर्षी अर्ज राहिला असता, तर पुढच्या वर्षी घरून पुन्हा कोणी पाठवले नसते. तिचे सगळे कागद बिनचूक होते. फक्त एक पान कोरे होते, ‘स्वतःचे गुण आणि कामगिरी’ लिहायचे.

खिडकीवरच्या कारकुनांना सगळे शिक्केसाहेब म्हणत. ते म्हणाले, "कोरं पान मी घेणार नाही. चार ओळी तरी खरड ना, बाई!"

मुलगी खाली पाहत राहिली. तेव्हा ताई आपली खुर्ची सोडून बाहेर आल्या आणि माझ्यावर, तिच्या शेजारी बसल्या. "भीती वाटते का गं?"

"भीती नाही, ताई. आमच्यात स्वतःचं स्वतः कोणी सांगत नाही. लाज असते ती. दुसऱ्यानं सांगायचं."

ताईंनी त्या कोऱ्या पानाकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाल्या, "तीन वर्षं मी अशा कोऱ्या पानांवर ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मारत आले. चूक माझी होती." आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलीसमोर असे बोलणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते.

त्यांनी मांडीवर कागद घेतला. "मामा, तुम्ही सांगा. मी लिहिते."

मामा म्हणाले, "ही इथं बसलीय तोवर माझं तोंड उघडायचं नाही. पोरी, जा, पाणी पिऊन ये. आणि सावकाश पी."

ती बोळाच्या टोकाच्या नळाशी गेली आणि मामा बोलू लागले. झऱ्याच्या पाण्याने गावातली पोरे आजारी पडत, तेव्हा ही चौदा वर्षांची होती. किती आकडे मोजेपर्यंत घागर भरते, पाणी गढूळ कधी होते, कोण कधी आजारी पडले, हे सारे तिने दोन वर्षे दर आठवड्याला वहीत लिहिले. ती वही घेऊन ती आरोग्यसेविकेकडे चालत गेली, म्हणून झऱ्याच्या वरचा गुरांचा गोठा हलवला गेला. "तेव्हापासून एक पोर आजारी नाही," मामा म्हणाले. "गोठा माझाच होता. मी भांडलो होतो हिच्याशी." ताईंनी तेही लिहून घेतले.

"मामा, झालं का?" नळाकडून आवाज आला. "तिसरा ग्लास आहे!"

"चौथा घे!"

बाराला सात मिनिटे कमी असताना ते पान खिडकीत गेले. खाली ताईंनी लिहिले होते, ‘सांगणारे मामा, लिहिणारी मी, जबाबदारी माझी.’ शिक्केसाहेबांनी ते उभ्यानेच, दोनदा वाचले आणि शिक्का मारला. "मामा, मलाही बढतीचा अर्ज द्यायचाय. सांगा की दोन शब्द."

"तुमच्या घरच्यांना आणा," मामा म्हणाले.

मुलीला प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षीपासून त्या पानावर ‘घरच्या माणसाने सांगितले तरी चालेल’ ही ओळ छापून येऊ लागली. शिक्षण संपवून ती याच कक्षात कामाला लागली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "ताई, त्यांनी इथवर का यायचं? अर्ज घेऊन आपणच जाऊ." आता दोघी महिन्यातले वीस दिवस डोंगरात असतात.

मी बहुधा रिकामा असतो. माझी एक फळी सैल झाली आहे. कुणी स्क्रू आवळला तर बरे वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे आहे. कुठल्याही दाराबाहेर कुणी गप्प बसलेले दिसले, तर त्याच्या शेजारी बसा आणि विचारा.

माझ्यावर बसलेले प्रत्येक मूल पुढे त्या दारातून आत गेले, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. तसे झालेले नाही. बरीच मुले उघड्या दाराकडे पाहत दुपारपर्यंत बसली आणि कुणाला काहीही न विचारता घरी परत गेली.