घासलेले दगड

"आई, तुला कुणी सांगितलं होतं घासायला?" लेक माझ्याशी शेवटचं बोलली ती एवढंच. कुणीच सांगितलं नव्हतं. माझेच मेलीचे हात शिवशिवले.

वरच्या अंगाला दगडाची खाण आहे. खडी धुतलेलं गढूळ पाणी आमच्या ओढ्यात सोडायला मालकाला परवानगी हवी. ओढा मेलेलाच आहे, काय बिघडतंय, म्हणतो. आमचा भाजीचा मळा त्याच पाण्यावर, म्हणजे आमच्या पोटावरच पाय.

शाळेच्या बाईंनी मुलींना ओढ्याची वही ठेवायला शिकवलंय. दर शनिवारी लेक पाण्यात उतरते, लाल रंगाने आकडे टाकलेले बारा दगड उलटते आणि खालचे किडे मोजून लिहिते. किडे मोजून पोट भरतं का, म्हणून मी आधी खूप तोंड वाजवलं. मग बाईंनी आम्हा बायकांनाही काठावर बसवून समजावलं, की हे किडे घाणीत जगत नाहीत, ते आहेत तोवर पाणी जितं. मी मान डोलावली. माझं अर्धं ध्यान पिळायच्या कपड्यांत होतं, खोटं कशाला बोलू!

परवानगी द्यायची की नाही ते ठरवणारे साहेब सोमवारी स्वतः किडे बघायला येणार होते. लेकीचं आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. मला वाटलं, पोरीसाठी आपणही काहीतरी करावं. घरी पाहुणे यायचे म्हटलं की मी कानाकोपरा घासून काढते. तशीच सकाळी ब्रश घेऊन ओढ्यावर गेले आणि बाराही दगड खालून-वरून लख्ख केले. वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या चिकटल्या होत्या, त्याही नखाने खरवडल्या. त्या नळ्यांतच किडे राहतात, हे मला काय ठाऊक!

साहेबांसमोर लेकीने पहिला दगड उलटला. काही नाही. बाराव्यापर्यंत काही नाही. शेजारचे दगड बघा म्हणाली, तर खाणीचा माणूस हसला, आता सोयीचे दगड शोधणार का म्हणाला. साहेबांनी पेन काढलं.

मी पदर खोचून पुढे झाले. "साहेब, दगड मी घासलेत."

"ओढ्यातले दगड कोण घासतं, बाई?"

तेव्हा काठावरच्या साऱ्या बायका एकदम बोलायला लागल्या. ही घासते साहेब, हिला काय विचारता, ही आमच्या घरी आली तरी आमची भांडी घासून ठेवते. एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मला रडू आलं. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि महिन्याने परत येतो म्हणाले.

घरी आल्यावर लेकीने तो एक प्रश्न विचारला, आणि मग अबोला.

पहिला शनिवार कोरा गेला, दुसराही. मी काठावर नुसती बसून होते. काल तिसरा. सातव्या दगडापाशी लेक थांबली, बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे न बघताच तिने हाताने बोलावलं. मी पाण्यात उतरले आणि दोन्ही हात पाठीमागे धरून वाकून पाहिलं. वाळूची एक नळी होती, तांदळाएवढी.