तुर्दुकानची पिवळी गादी

चाळीस वर्षं तुर्दुकानने पाहुण्यांच्या अंगाखाली गाद्या घातल्या. लोकरीच्या, जाडजूड, एकेक उचलताना कंबरेतून कळ निघावी अशा. एरवी त्या गाद्यांची चळत तंबूत मानाच्या जागेमागे छताला भिडायची, आणि घरच्या सुनेने झोपायचं ते दारापाशी, सगळ्यांत पातळ गादीवर. ही रीत कुणी घातली कोण जाणे. पण ज्याने घातली तो दारापाशी एक दिवसही झोपला नसणार.

आता तुर्दुकान सासू झाली होती, पण तोवर पाठीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणून या उन्हाळ्यात कुरणावर चढण्याआधी ती खाली नारिन शहराच्या बाजारात गेली. तिथे एकजण पर्यटकांनी मागे टाकलेलं सामान विकायचा. तुर्दुकानने बूट काढले आणि भर बाजारात एकेका गादीवर आडवी होऊन बघितली. पहिली नानसारखी चपटी. दुसरी मऊ, पण मेंढीएवढी जड. शेजारच्या खाटकाने जनाज्याला मुल्लाला बोलावू का म्हणून विचारलं. "आधी तुझ्या गिऱ्हाइकांसाठी बोलाव," म्हणून ती तिसरीवर लवंडली. पिवळी, तोंडाने फुगवायची, हवा काढली की पावाएवढी, वजनाला चहाच्या किटलीहून हलकी. तिच्यावर तुर्दुकानचा असा डोळा लागला, की दुकानदाराला तिला हलवून उठवावं लागलं.

कुरणावर ती सुखाने झोपू लागली. भीती एकच. घरात जे सगळ्यांत चांगलं, ते पाहुण्याचं. आणि सोनकुल तळ्याकाठच्या कुरणावर पाहुण्यांना काय तोटा! एकदा का ही गादी बाहेर दिसली, की सबंध उन्हाळा दुसऱ्याच्याच पाठीखाली जाणार. म्हणून सून नूरझामालला सक्त ताकीद होती: घोडा दिसला, की हवा काढायची आणि गादी चळतीत कोंबायची.

आणि एका दुपारी न सांगता घोडा आला तो नेमका विहिणीचा. बुबुसारा, तुर्दुकानच्या लेकीची, चोल्पोनची सासू. तिची बडदास्त कमी पडली, तर टोमणे ऐकायला चोल्पोनच होती. तुर्दुकान गादीवर फतकल मारून बसली, हवा फुस्स करून निघाली, आणि सातव्या-आठव्या गादीच्या मध्ये पिवळा ऐवज गडप झाला.

घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस झालं, मटण झालं, दोन्ही गावांची उणीदुणी काढून झाली. चार तास घोड्यावर बसून आलेल्या विहिणीला आडवं व्हायचं होतं. नूरझामालने नेहमीप्रमाणे पाच गाद्या ओढायला घेतल्या, आणि पिवळी गादी घसरत आली ती थेट विहिणीच्या मांडीवर.

आता ती देणं भागच होतं. तुर्दुकानचं तोंडसुद्धा उघडलं होतं. पण पाठीने आयत्या वेळी कळ दिली.

"टाकाऊ आहे ते," ती म्हणाली. "फुटलंय. हवा धरत नाही."

विहिणीला बिचारीला वाईट वाटलं. "मग गादीच्या पिशवीच्या तळाशी बघा ना," ती म्हणाली. "छोटा खिसा असतो. ठिगळ नि डिंक त्यातच असतो."

तुर्दुकानने चहाच्या समोवारची तोटी बंद केली.

"तुम्हांला कसं ठाऊक, विहीणबाई?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बुबुसाराचे कान लाल झाले. नूरझामाल बाहेर गेली आणि घोड्यावरची पडशी घेऊन आली. वरच निळी पिशवी होती, पावाएवढी.

तुर्दुकानच्या अंगाचा तिळपापड झाला. व्याह्यांच्या घरी येताना स्वतःचं अंथरूण! म्हणजे यांच्याकडे झोपायला चिंधीसुद्धा नाही, असंच ना?

"काढणार नव्हते हो," बुबुसारा रडकुंडीला आली. "नुसती धीराला आणली होती. तुमच्या पाच गाद्यांवर झोपले, की परतल्यावर आठ दिवस कंबर धरते माझी. दरवेळी. सात वर्षं झाली."

तुर्दुकानला ते फार लागलं. ज्या गाद्या उतरवून तिची स्वतःची पाठ मोडली होती, त्यांनीच या बाईचीही पाठ मोडली होती. खालच्या मानेने ती म्हणाली, "माझी फुटलेली नाहीये." मग कोण आधी हसलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. ही गोष्ट चोल्पोनच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं मात्र तिथल्या तिथे ठरलं.

"मग या पाचांचं काय करू, आपा?" नूरझामालने सासूला विचारलं. गाद्या अजून तिच्या हातांतच होत्या आणि कंबर एका बाजूला कललेली. ती कलणारी कंबर तुर्दुकानने नीट ओळखली. दारापाशी ती पातळ गादी गुंडाळून ठेवलेली होती.

"तुझ्यासाठी अंथर," ती म्हणाली. "पाचही. आणि दारापाशी नको, इथे, मानाच्या जागी."

नूरझामालने घाबरून विहिणीकडे पाहिलं. विहीण निळी गादी फुगवत होती. गाल भरलेले, त्यामुळे तिने नुसती मान हलवली.

दोघींच्या गाद्या निम्म्या फुगायच्या आत नूरझामाल घोरायला लागली. चांगली दणकून घोरत होती. सून घोरते, हे तुर्दुकानला चौदा वर्षांत ठाऊकच नव्हतं, कारण सासूच्या आधी ती कधी झोपलीच नव्हती.