एका माणसापुरती इंजेक्शनं

वेल्डर आणि त्याची बायको एकाच आठवड्यात तापाने पडले. त्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता बायको धाडकन कोसळली. दातखीळ बसली, डोळे फिरले, हातपाय झाडू लागली. वेल्डर पलंगावर कुडकुडत होता, पण त्याने सगळं पाहिलं.

दवाखान्यात दोघांच्या रक्तात मलेरिया निघाला, तोही वाईट जातीचा. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"इंजेक्शनं एका माणसापुरतीच आहेत. नवीन साठा उद्या येईल. ताप ज्याच्या मेंदूत चढलाय त्याला इंजेक्शन, दुसऱ्याला गोळ्या. झटका कुणाला आला होता?"

"याला," वेल्डरची आई चटकन म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग ही अशी गुंगीत का?"

"दोन रात्री डोळ्याला डोळा नाही तिच्या. झोपतेय. काम दिसलं की तशीही झोप येतेच तिला."

डॉक्टरीणबाई वेल्डरवर वाकल्या. "ऐकू येतंय का? नाव सांगा बघू."

नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं. चादरीखालून आईने त्याचा दंड करकचून दाबला. त्याने डोळे मिटले आणि मान टाकली.

सिस्टरने कुपीतली पावडर विरघळवून त्याच्या शिरेत सोडली. त्याला हायसं वाटलं.

मग सोंग वठवणं आलं. शेजारच्या खाटेवर बायकोला गोळ्या दिल्या, त्या तिने ओकून टाकल्या. "अहो," ती पुटपुटली, "पाणी..." पुन्हा, "अहो..." तो बेशुद्ध होता, त्यामुळे त्याला ओ देता येईना.

दुपारी तिला दुसरा झटका आला, तो थांबेचना. उरलेल्या कुप्या तिच्यासाठी फोडल्या. संध्याकाळच्या आत ती गेली.

रात्री वेल्डरने डोळे उघडले; त्याचं पुढचं सगळं गोळ्यांवरच भागलं. चौथ्या दिवशी तो आपल्या पायांनी बाहेर पडत असताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खरं सांगा, झटका तुम्हालाच आला होता?"

"मला शुद्ध नव्हती," तो म्हणाला.

रस्त्यात आई म्हणाली, "तिच्या माहेरच्यांशी मी बोलेन. तू गप्प राहा. ते जमतं तुला."

ते घरी पोचले तेव्हा सासरे दारात आले होते. "शेवटी काही बोलली का हो ती?" त्यांनी विचारलं.

वेल्डरने आईकडे पाहिलं.

"नाही हो," आई म्हणाली. "झोपेतच गेली."